बहांदरी : गायकवाडी राज्याचें कर्ज आणि त्याचा जामीन

बडोद्याच्या दप्तरांत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींचे जे कागद आहेत त्यांत ‘बहांदरी’ हा शब्द इतक्या वेळां येतो कीं वाचणारा त्यास सरावतो, आणि सरावल्यामुळेंच त्याचा अर्थ पाहण्याचें राहून जातें. संग्राहकांच्या हातीं असले कागद आले म्हणजे त्यांवर ‘सावकारी, किरकोळ’ अशी चिठ्ठी लागते व ते रुमालाच्या तळाशीं जातात. तहनाम्यास व लढाईच्या बातमीपत्रास जो मान आपण देतों तो रोख्यास, कतब्यास किंवा जामीनपत्रास देत नाहीं. गायकवाडी राज्य इंग्रजांच्या कह्यांत कसें गेलें हें सांगतांनाही कडीची लढाई, बडोद्याचा वेढा व तैनाती फौज हींच प्रकरणें विस्तारानें सांगण्याचा प्रघात आहे. माझ्या मतें तीं दुय्यम होत. फौज आली ती राहिली कर्जाच्या जामिनकीमुळें. आणि फौज जेथें कधींच पोंचली नसती तेथपर्यंत, म्हणजे दरबारांतील मुत्सद्याच्या नेमणुकीपर्यंत, कंपनीचा हात पोंचला तोही त्याच वाटेनें.

प्रथम शब्द पाहूं. गुजरातींत तो ‘बांहेधरी’ असा आहे. बांह म्हणजे बाहु, आणि धरणें तें आपलेंच धरणें. ज्याचा हात धरला त्यास बुडूं द्यावयाचें नाहीं, हा मूळ भाव. संस्कृतांत यास प्रातिभाव्य म्हणतात व जो जामीन राहतो तो प्रतिभू. याज्ञवल्क्यानें प्रतिभूचे तीन प्रकार सांगितले आहेत : ऋणकोस हजर करीन असें म्हणणारा, ऋणको विश्वासू आहे असें सांगणारा, आणि तो न देईल तर मी देईन असें कबूल करणारा. पहिल्या दोघांच्या पश्चात् त्यांच्या मुलांवर बोजा येत नाहीं. तिसऱ्याच्या मुलांवर मात्र येतो. कात्यायनानें याहून पुढें जाऊन कोणास जामीन घेऊं नये याची यादी दिली असून त्या यादीच्या आरंभींच स्वामी, शत्रु व स्वामीचा अधिकारी हे तिघे येतात. याचें कारण व्यवहारांतील माणसास समजावून सांगावें लागत नाहीं. जामिनावर दावा करतां आला पाहिजे; ज्याच्यावर दावा चालत नाहीं तो जामीन नव्हे. असा प्रबळ मनुष्य जामीन राहिला तर तो ऋणकोच्या घरांत शिरतो आणि धनकोसही आपल्या ताटाखालचें मांजर करितो. बडोद्यास १८०२ पासून पुढें तीस वर्षें जें घडलें तें या नियमाच्या उल्लंघनाचें सविस्तर उदाहरण म्हणून वाचतां येईल.

राज्य कर्जांत बुडालें त्यास इंग्रज कारण नव्हते, हें आधींच सांगितलें पाहिजे. १७५१ सालीं दमाजी गायकवाड पेशव्यांच्या कैदेंत सांपडले. सुटकेसाठीं त्यांनीं गुजरातचा अर्धा वांटा, सालिना ५,२५,००० रुपये खंडणी, मागील बाकीबद्दल १५ लक्ष रुपये आणि प्रसंगीं फौजेची चाकरी इतकें कबूल केलें. १७६८ त दमाजी वारले व पुत्रांत कलह लागला. गोविंदराव पुण्यास, फत्तेसिंगराव बडोद्यास. सेनाखासखेलीचीं वस्त्रें आज एकास, उद्यां दुसऱ्यास. आणि प्रत्येक खेपेस नजर. आपल्या पुणें दरबारानें या भाऊबंदकीचा बाजार मांडला होता, हें झांकण्यांत अर्थ नाहीं. जो राजा गादीवर येई तो गादीबरोबर तिची किंमतही डोक्यावर घेऊन येई. १७९३ त गोविंदराव अखेर बडोद्यास पोंचले ते याच रीतीनें, आणि १८०० च्या सप्टेंबरांत ते वारले तेव्हां सिबंदीचा पगार पुष्कळ तुंबलेला होता.

पगार देण्याची त्या काळची रीत अशी. सरकारांत रोकड नसे. सावकार सिबंदीचा पगार आपल्या पेढीवरून भरी. त्याबद्दल व्याज व मनोती घेई आणि महालाच्या वसुलावर वरात घेऊन आपला पैसा फेडून घेई. अशा सावकारास मनोतीदार म्हणत. वसूल कमी आला कीं बाकी पुढील सालच्या वरातेंत जाई व तिच्यावर पुन्हां व्याज चढे. बडोद्याच्या फौजेंत अरबांचा भरणा मोठा होता, आणि त्यांचा पगार भरणारे मंगळ पारख व सामळ बेचर हे दोन शेठ दिवाणाच्या तोडीचे झाले होते. ज्याच्या हातीं शिपायाचा पगार त्याच्या हातीं शहराचे दरवाजे.

येथपर्यंतची हकीकत त्या काळच्या कोणत्याही दरबारास लागू पडेल. बडोद्याचा विशेष पुढें आहे. राजाच्या शब्दावर कोणाचा विश्वास राहिला नव्हता. राजानें अभय दिलें तरी शेठ, मुत्सद्दी किंवा खुद्द राजघराण्यांतील पुरुष शहरांत पाऊल टाकण्यापूर्वीं अरब जमादाराची बहांदरी मागे. जमादार ती देई, त्याबद्दल नजर घेई, आणि राजानें वचन मोडूं पाहिलें तर हत्यारानिशीं आड येई. म्हणजे ज्या राजाचा तो चाकर, त्याच राजाच्या वचनाचा तो जामीन. कात्यायनाच्या यादींतील तिसरा मनुष्य तो हाच. अरबांस लुटारू म्हणून मोकळें होणें सोपें आहे. पण कबूल केलेली बहांदरी ते पाळीत, आणि पाळीत म्हणूनच तिला भाव होता. राजाची पत जिकडे गेली तिकडे राज्य गेलें होतें.

गोविंदरावांचे वडील पुत्र आनंदराव मनानें दुर्बळ होते. कान्होजीरावानें कारभार बळकाविला. दिवाण रावजी आपाजी व त्यांचे बंधु बाबाजी यांनीं त्यास काढिलें. कडीचे मल्हारराव गायकवाड उठले. रावजींनीं मुंबईचे गव्हर्नर डंकन यांच्याकडे मदत मागितली. जानेवारी १८०२ त मेजर वॉकर फौजेसह कडीकडे निघाला, एप्रिलच्या अखेरीस कडी पडली. या मदतीचा खर्च अर्थात् ज्याला मदत केली त्याच्या नांवें लिहिला गेला, व त्यांत सुरतेची चौथ आणि चिखली परगणा गेला. नंतर अरबांचा प्रश्न आला. त्यांस रजा द्यावयाची तर तुंबलेला पगार चुकविला पाहिजे. तो ठरवितां ठरवितां अरबांनीं बडोदें धरून बसण्याचा पवित्रा घेतला. डिसेंबरांत इंग्रजी फौजेनें शहरास वेढा दिला आणि २६ डिसेंबर १८०२ रोजीं अरबांनीं शहर सोडण्याचें कबूल केलें. बाकी सुमारें साडेसतरा लक्षांची निघाली, ती देण्यांत आली.

या कराराचें एक कलम इतिहासकार ओझरतें सांगून पुढें जातात. अरब जमादारांनीं ज्यांस ज्यांस बहांदरी दिली होती ती सर्व कंपनीनें आपल्या शिरावर घेतली. अरब निघून गेले. त्यांची गादी रिकामी राहिली नाहीं. यानंतर पांचवे दिवशीं, ३१ डिसेंबर रोजीं, वसईचा तह झाला व त्यांत पेशव्यांनीं आपल्या व गायकवाडांच्या देण्याघेण्याचा निवाडा इंग्रजांवर सोंपविला. आठवड्याच्या आंत गायकवाडांच्या पगाराचा पुरवठादार, बहांदर व पंच ह्या तिन्ही जागा एकाच घरांत गेल्या. ते घर नाणेबाजारांतील नव्हतें.

कर्ज उभारलें गेलें तें असें : कांहीं रक्कम कंपनीनें स्वतः दिली, बाकीची बडोद्याच्या सावकारांनीं कंपनीच्या बहांदरीवर दिली. त्याच्या फेडीसाठीं महालांचा वसूल तारण म्हणून लावून दिला. २१ एप्रिल १८०५ च्या तहांत सर्व पूर्वींचे करार एकत्र केले, त्या वेळीं हें देणें चाळीस लक्षांच्या वर होतें. आणि त्याच तहानें तैनाती फौजेच्या खर्चासाठीं सालिना ११,७०,००० रुपये उत्पन्नाचा मुलूख कायमचा तोडून दिला. ज्या वसुलांतून कर्ज फिटावयाचें तोच वसूल कर्जाच्या अटींनीं घटला, ही गोष्ट हिशेब शिकलेल्या कोणत्याही मुलाच्या ध्यानांत येईल. पैसा बडोद्याच्या नांवें लिहिला गेला, पण बडोद्याच्या खजिन्यांत तो मुक्कामास थांबला नाहीं. एका दारानें येऊन दुसऱ्या दारानें अरबांकडे, आणि अरबांकडून मोठ्या अंशानें त्यांना आगाऊ पैसा पुरविणाऱ्या पेढ्यांकडे गेला. सावकारांचें जुनें, संशयित येणें नव्या, पक्क्या येण्यांत पालटलें. हरिभक्ती, सामळ बेचर, रतनजी कहानदास या पेढ्यांच्या वैभवाचा पाया येथें आहे.

वॉकरविषयीं मात्र न्यायानें बोललें पाहिजे. निरुपयोगी सिबंदी त्यानें कमी केली. जमाखर्चास कांहीं शिस्त लाविली. १८०७ सालीं काठेवाडच्या खंडण्या कायमच्या ठरवून दिल्या, त्यामुळें दर सालच्या मुलूखगिरीचा जुलूम थांबला. त्याच्या हाताखालीं काम करणारे गंगाधरशास्त्री पटवर्धन पुढें राज्याचे मुतालिक झाले. काटकसर खरी होती. पण ती करण्याचा अधिकार जामिनाकडे होता, राजाकडे नव्हता. त्यामुळें काटकसर करण्याची संवय राजास लागली नाहीं, आणि जामिनाची नजर फिरतांच खर्च पूर्ववत् वाढे.

द्रव्याच्या बहांदरीबरोबर माणसांची बहांदरीही सुरू झाली. पहिला मान रावजी आपाजींचा. जून १८०२ मध्यें त्यांस कंपनीनें लिहून दिलें कीं दिवाणगिरी त्यांच्या घराण्यांत चालेल व कंपनी त्यांस पाठीशीं घालील. दिवाण राजाचा, आणि त्याची नेमणूक दुसऱ्याच्या हमीवर! पुढें सावकार, मुत्सद्दी, वतनदार यांची रांग लागली. ज्याच्याजवळ बहांदरीचा कागद त्यास राजानें काढूं नये, दंडूं नये, त्याचें उत्पन्न अडवूं नये. अडविल्यास त्यानें रेसिडेन्सीची पायरी चढावी. असे कागद ज्याच्यापाशीं असत तो आपल्याच राज्यांत परराज्याची प्रजा होई. ते कागद वंशपरंपरा चालणारे असल्यास नातवंडांच्या हातीं येत. याज्ञवल्क्यानें तिसऱ्या प्रतिभूच्या मुलांवर बोजा घातला तो प्रतिभूच्या मुलांवर. येथें बोजा पिढ्यान् पिढ्या ऋणकोवर राहिला. या व्यवहारांतून रेसिडेन्सीच्या कारकुनांची जी लांचखाऊ ‘खटपट’ वाढली तिच्याविषयीं १८५१ त रेसिडेंट औट्रॅम यानें मुंबई सरकारास कडक अहवाल दिला. त्याबद्दल त्यासच बडोद्याहून जावें लागलें. १८५४ त तो परत आला, ही गोष्ट वेगळी.

बहांदरीचा सर्वांत मोठा बळी खुद्द शास्त्रीबोवाच. पेशव्यांचें व गायकवाडांचें देणेंघेणें मिटविण्यासाठीं १८१४ सालीं कंपनीनें त्यांच्या जिवाची हमी घेतली व ते पुण्यास गेले. २० जुलै १८१५ च्या रात्रीं पंढरपुरांत, विठ्ठलाच्या देवळांतून परततांना त्यांचा खून झाला. संशय त्रिंबकजी डेंगळ्यांवर आला. आपल्या बखरींत व नाटकांत हें प्रकरण बहुधा व्यक्तिद्वेषाचें म्हणून येतें. परंतु एल्फिन्स्टननें तें ज्या हट्टानें धरून ठेविलें त्याचें मूळ हमींत आहे. कंपनीनें हात धरलेला मनुष्य मारला गेला तर बडोद्याच्या प्रत्येक बहांदरीच्या कागदाची किंमत त्या दिवशीं उतरणार होती. १३ जून १८१७ च्या पुण्याच्या तहांत पेशव्यांनीं गायकवाडांवरील जुने दावे सालिना चार लक्षांवर सोडले, आणि नोव्हेंबरांत लढाई पेटली. तिची झळ आमच्या बाजूसही लागली. कशेळ्याहून आंबिवलीवरून ज्याची वाट जाते तो पेठचा कोथळीगड त्याच महिन्यांत बापूराव लांब्या यानें पेशव्यांकरितां घेतला व ३० डिसेंबर १८१७ रोजीं कॅप्टन ब्रुक्स यानें परत जिंकिला. गडावरील तोफा पाहणारांस बडोद्याच्या जामीनपत्रांची आठवण होण्याचें कारण नाहीं. पण धागा तेथपर्यंत येतो.

१८१९ त आनंदराव वारले. दुसरे सयाजीराव गादीवर येतांच १८२० सालीं एल्फिन्स्टन बडोद्यास आले. अठरा वर्षांच्या देखरेखीनें कर्ज फिटत आलें असेल अशी अपेक्षा; निघालें एक कोटीच्या वर. एल्फिन्स्टननीं अंतर्गत कारभार महाराजांच्या हातीं दिला, परंतु बहांदऱ्या पाळण्याची अट ठेविली व कर्जासाठीं पुन्हां कंपनीची हमी दिली. महाराज चिवट होते. खाजगीचा पैसा साठे आणि सरकारी कर्ज थकलेलें राही. हा त्यांचा लोभ असें इंग्रज लिहितात. मला त्यांत दुसरीही बाजू दिसते : जें कर्ज फेडल्यानें आपला अधिकार परत येईल असा भरंवसा नाहीं, तें फेडण्याची घाई कोण करील? १८२८ त मुंबईचे गव्हर्नर माल्कम यांनीं महाल जप्त करून वसूल थेट सावकारांकडे वळविला. चार वर्षें ओढाताण झाली. महाराज आणखी हट्टास पेटले, जप्तींतील महालांची रयत दोन धन्यांमध्यें सांपडली.

मग १८३२ त लॉर्ड क्लेअर यांनीं जें केलें तें इतकें साधें होतें कीं तीस वर्षांत कोणास सुचलें नाहीं याचें नवल वाटतें. त्यांनीं महाराजांस व सावकारांस समोरासमोर बसूं दिलें. महाराजांनीं सावकारांशीं परस्पर समजूत करून घेतली. सावकारांनीं कंपनीची हमी सोडली. जप्त महाल परत मिळाले. ज्या राजाकडून तीस वर्षें जामिनास पैसा वसूल करतां आला नाहीं त्याच राजानें जामीन मध्यें नसतांना तोड काढिली. व्यक्तींच्या बहांदऱ्या मात्र पुढेंही राहिल्या व त्यांचीं भांडणें दुसऱ्या पिढींत गेलीं.

हें सर्व जुनें झालें असें कोणी म्हणेल, म्हणून अलीकडील एक दाखला देतों. युरोपांतील राष्ट्रसंघाच्या मूळ करारांत एका सभासद राष्ट्राचें कर्ज दुसऱ्यांनीं आपल्या अंगावर घेऊं नये असें कलम आहे. तरी २०१० च्या मे महिन्यांत ग्रीस देशाची पत बुडाली तेव्हां इतर सभासदांनीं व आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनें मिळून ११० अब्ज युरोचें कर्ज कबूल केलें. त्याच वर्षीं आयर्लंड, पुढील वर्षीं पोर्तुगाल, नंतर सायप्रस; आणि २०१२ त या कामासाठीं लक्झेंबर्ग येथें एक कायम संस्थाच स्थापिली. अटी अशाच : खर्च कमी करा, सरकारी नोकर कमी करा, हप्त्यापूर्वीं हिशेब दाखवा. तपासणीस अधिकारी अथेन्सला येत, आणि लोक त्यांच्याकडे बडोदेकर रेसिडेन्सीकडे पाहत तसेच पाहत. दिलेल्या पैशाचा बराच भाग जुन्या धनकोंकडे गेला, व त्यांत फ्रेंच व जर्मन पेढ्याही होत्या. २०१५ च्या जुलैंत ग्रीक प्रजेनें मत देऊन अटी नाकारल्या आणि त्याच महिन्यांत त्यांच्या सरकारास अटी मान्य कराव्या लागल्या. कर्जाचे हे कार्यक्रम २०१८ च्या ऑगस्टांत संपले. साम्य इतकें असलें तरी भेद विसरतां येत नाहीं. ग्रीसचा प्रतिनिधि ज्या सभेंत कर्ज ठरलें त्या सभेंत बसला होता, आणि त्याच्या मुलुखाचा एकही परगणा कोणी तोडून घेतला नाहीं. आनंदरावांस कलकत्त्याच्या कौन्सिलांत खुर्ची नव्हती.

एक आक्षेप राहतो व तो हलका नाहीं. बहांदरी नसती तर बडोदें टिकलें असतें काय? साताऱ्याचें राज्य १८४८ त व नागपूरचें १८५४ त खालसा झालें. बडोद्याचें १९४९ पर्यंत नांदलें व तिसऱ्या सयाजीरावांच्या कारकीर्दींत ग्रंथालयें, सक्तीचें शिक्षण आणि प्राच्यविद्येचें संशोधन यांचें माहेरघर झालें. आमच्या पिढीनें गायकवाड ग्रंथमालेंतील संस्कृत पोथ्या वाचल्या त्या त्या राज्याच्या पैशानें छापलेल्या. धरलेला हात बुडूं देत नाहीं, हें बहांदरीचें वचन त्या अर्थीं पाळलें गेलें. तथापि पेशवाई शाबूत असतां, १८०२ त राज्याचा नाश इंग्रजी खालसाधोरणानें होणार होता असें म्हणतां येत नाहीं. त्या वेळचें संकट साडेसतरा लक्ष रुपयांचें होतें. त्याची किंमत ११,७०,००० चा मुलूख, दरसाल, कायम, अशी पडली. हा सौदा रावजी आपाजींनीं डोळसपणें केला असें मला वाटतें, कारण त्यांच्या स्वतःच्या घराचा हिशेब त्यांत बरोबर जमला होता.

आतां संग्राहकांस विनंति. गेन्स व बनाजी यांनीं छापिलेल्या इंग्रजी पत्रांमुळें रेसिडेंटांची बाजू सर्वांच्या हातांत आहे. दुसरी बाजू मोडींत व गुजरातींत, पेढ्यांच्या वह्यांत आहे. बहांदरीचा कागद सुटा विकत घेतां येतो, मोहोर व सही पाहून त्यास किंमतही येते. पण ज्या खात्यावर तो दिलेला होता त्या खात्यापासून तो तोडला म्हणजे मुका होतो. आपल्या कर्जत-खालापुराकडेही जुन्या घरांतून रोखे व जामीनकतबे यांचीं बाडें निघतात. भाताच्या खंडीवर घेतलेलें कर्ज आणि त्यास शेजारच्या पाटलाची जामिनकी. तींही अशीच वेगळीं पाडलीं जातात. रोखा, त्याचा जामीनकतबा, वसुलाच्या पावत्या व फारखत हे चार कागद एका दोऱ्यांत ठेवावे; पाठीवरील शेरे व हप्त्यांच्या तारखा उतरून घ्याव्या; आणि फारखत सांपडली नाहीं तर जामिनाच्या घरचें बाड पाहावें, कारण पुष्कळदां ती तेथें असते.